बंद मागाच्या शेडमध्ये परफॉर्मन्स : जागा आधी की प्रयोग आधी?

शहापूरची
मागच्या महिन्यात बेळगावच्या वडगावातल्या एका बंद यंत्रमाग शेडमध्ये आम्ही एका संध्याकाळपुरता परफॉर्मन्स केला. म्हणजे नाटक नव्हे, कलाकार लोकांसमोर जे करतो तीच कलाकृती. कलाकार एकटीच. जिथे पूर्वी माग होता तिथे ती जमिनीवर बसली आणि तीन तास ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, तुटलेले धागे सांधत राहिली. संवाद नाही, संगीत नाही. प्रेक्षकांनी खडूच्या रेषेबाहेर हवा तेवढा वेळ थांबायचं, कंटाळा आला की जायचं.

तासाभराने शेजारच्या गल्लीतली एक आजी रेषा ओलांडून आत गेली. "बाळ, ही गाठ सुटणार बघ," म्हणाली, धागा हातातून घेतला, चिमटीत पीळ दिला आणि तिथेच बसली. शेवटपर्यंत उठली नाही.

त्यावरून आमच्यात भांडण पेटलंय. निम्मे म्हणतात प्रयोग मोडला, निम्मे म्हणतात तिथेच सुरू झाला. माझं मत सरळ आहे, असल्या कामाचं नियोजन जागेपासून सुरू करावं. रंगमंदिरात ही आजी नवव्या रांगेत गप्प बसली असती. मुळात आलीच नसती. बोला आता.

नेपथ्य_बेळगाव
आजीचं कौतुक आहेच. खरं तिला तुम्ही बोलावलं नव्हतं, ती आपण होऊन आली. मग नियोजनाचं श्रेय कशाला घेता?

दुसरं, हिशेब. लोकमान्य रंगमंदिरात वीज, संडास, खुर्च्या, बाहेर पडायला दारं सगळं तयार आहे. शेड फुकट मिळाली म्हणून स्वस्त वाटते. जनरेटर, दिवे, दोन दिवसांची झाडलोट, पाण्याचे जार आणि मंडपवाला यांची बेरीज करा, मग सांगा. प्रयोग पक्का असेल तर तो कुठेही उभा राहतो. जागेच्या जिवावर उभा राहिलेला प्रयोग दुसऱ्या गावात नेऊन दाखवा बघू.

मंडपवाला
ते काम मीच केलंय, म्हणून बोलतो. शेडचं कनेक्शन कधीच तोडलेलं. आढ्याला बोटभर जाड कापसाचं तूस लोंबत होतं. ह्यांनी हॅलोजन मागवले होते. मी म्हटलं, ताई, एक ठिणगी पडली तर प्रयोग नाही, होळी होईल. मग दोन पोरं शिडी लावून दिवसभर तूस काढत बसली आणि हॅलोजनच्या जागी एलईडी लावले. दार एकच, तेही सरकतं आणि गंजलेलं. मागच्या भिंतीचं बुजवलेलं दार उघडून घेतल्याशिवाय मी वायर टाकली नाही.

लाउडस्पीकर नव्हता ते बरं झालं. तो असता तर परवानगी आली, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ला बंद. आणि पावसाळ्यात असलं काही ठरवू नका ओ. पत्र्यावर आपला पाऊस सुरू झाला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

खानापूरकर
नेपथ्यराव, तात्पुरत्या जागेचं बेळगावला काय नवल? वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ आठवा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रंगमंच, गल्लीत तालीम, रात्रभर सजीव देखावे, सकाळी ट्रॉली परत शेतात. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन घ्या. गांधीजी अध्यक्ष झाले ते ह्या एकाच अधिवेशनाचे. टिळकवाडीकडे त्यासाठी 'विजयनगर' नावाचं तंबूंचं अख्खं गाव वसवलं होतं. गाव उठलं, पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर तेवढी राहिली. आपल्याला हे जमतं की!

नेपथ्य_बेळगाव
चित्ररथाचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. अफझलखान आला की पुढे काय होणार हे पोराटोरांना ठाऊक असतं, म्हणून ट्रॉली चालते. परफॉर्मन्स आर्टमध्ये लोकांना कुठे बघायचं, कधी टाळी वाजवायची तेच कळत नाही. अनोळखी प्रकाराला निदान ओळखीची जागा द्या.

आणि प्रेक्षक आत शिरण्याचं एवढं अप्रूप नको. मरीना अब्रामोविच ह्या परफॉर्मन्स कलाकाराने १९७४ मध्ये नेपल्सला सहा तास स्वतःला प्रेक्षकांच्या हवाली केलं होतं. टेबलावर ७२ वस्तू, त्यात फूल होतं तसं गोळीसकट पिस्तूलही. लोकांनी तिचे कपडे कापले, एकाने पिस्तूल तिच्यावरच रोखलं. तुमच्याकडे आजी आली. दुसरं कोणी आलं असतं तर काय करणार होता, हे लिहून ठेवलं होतं का?

वडगावचा
दोघांचंही वाचलं. आमच्या घरी चार माग होते. ते भंगारात किलोवर गेले तेव्हा बाबा टेम्पोमागे चौकापर्यंत चालत गेले, परत येऊन जेवले नाहीत. मी त्या संध्याकाळी आलो होतो, दहा मिनिटांत निघालो. प्रयोग वाईट नव्हता. तुमची माणसं मोबाईल वर करून पत्र्याचे फोटो काढत होती, ते बघवलं नाही.

शहापूरची ताई, एकच विचारतो. आयुष्यभर त्या जागी उभं राहून काम केलेल्यांना तुम्ही रेषेच्या बाहेर थांबवलं. रेषा मारण्याआधी गल्लीत एका घरी तरी चहाला गेला होता का?

निपाणीकर
आमच्याकडे या. तंबाखूच्या जुन्या वखारी आहेत. वखार झाडून घ्या, धुऊन घ्या, तरी पाच मिनिटांत ठसका लागतो. तिथे प्रेक्षकच परफॉर्मन्स करतील. थट्टा सोडा. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शेतकरी हायवेवर मुक्काम ठोकून बसले होते, त्या रस्त्यालगत काही करायचं मनात आहे. खरं वडगावच्याचं वाचून हात आखडला. जे तिथे बसले होते त्यांना आधी भेटतो.

शहापूरची
@वडगावचा, नाही गेलो. मालकाला भेटलो, मालकाच्या भावाला भेटलो (शेडचा वाटा दोघांचा, दोन सह्या घ्यायला अकरा दिवस लागले), पोलिस स्टेशनला अर्ज दिला. बॅनर छापणाऱ्याने विचारलं, ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये लागतो ना? कर्नाटकचा २०२४ चा तो कायदा दुकान-आस्थापनांच्या पाट्यांचा, तरी आम्ही दोन्ही भाषांत छापलं. सगळं केलं, गल्लीत गेलो नाही. चुकलं.

@नेपथ्य, लिहून ठेवलेलं नव्हतं. कलाकाराने हात वर केला की दिवे लावायचे, एवढंच ठरलं होतं. ते कमी पडलं असतं, मान्य. पण रंगमंदिराचं मला पटत नाही. तिथे रेषा आधीच आखलेली असते, आणि ती रेषा सिमेंटची आहे.

पुढचा प्रयोग दिवाळीनंतर, त्याच शेडमध्ये. आजीला विचारलंय. म्हणाली, "येते, खरं मला खाली बसवू नका, गुडघे दुखतात." रेषेचं काय करायचं ते ठरत नाहीये.

मंडपवाला
ताई, एक सांगायचं राहिलं. त्या फरशीत वर्षानुवर्षांचं मागाचं तेल मुरलंय, तिच्यावर खडू धरत नाही. तुमची निम्मी रेषा पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या चपलांखाली गेली होती. आजी आत गेली तिथे रेषा नव्हतीच.