शब्दचर्चा : जपानी ‘मुरा’ म्हणजे ‘गाव’ का नव्हे?

जपानविषयीच्या मराठी लेखनात ‘शी’, ‘माची’ आणि ‘मुरा’ यांसाठी शहर, नगर आणि गाव हे प्रतिशब्द सहज वापरले जातात. प्रवासवर्णनात ते चालतील. परंतु प्रशासनाचा संदर्भ असेल तेव्हा त्यांतला ‘गाव’ हा शब्द वाचकाची दिशाभूल करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीत गाव म्हटले की शिवार, वेस, चावडी असलेली एक वस्ती डोळ्यांपुढे येते. जपानी कायद्यातील मुरा ही मात्र वस्ती नसून स्थानिक स्वराज्य संस्था आहे. नारा प्रांतातील तोत्सुकावा या मुराचे क्षेत्रफळ सुमारे ६७२ चौरस किलोमीटर आहे; मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी ते तेवढे भरत नाही. डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या कितीतरी वस्त्या मिळून ही एक मुरा होते. हे असे का झाले, याचे उत्तर १८८८-८९ मधील विलीनीकरणात आहे : तेव्हा ७१,३१४ गावा-नगरांना एकत्र करून १५,८५९ संस्था उरवण्यात आल्या. विलीन झालेल्या जुन्या गावांची नावे ‘ओआझा’ या रूपाने आजही पत्त्यांमध्ये टिकून आहेत. म्हणजे आपण ज्याला गाव म्हणतो ते जपानमध्ये ओआझाच्या अधिक जवळ आहे, आणि मुराला आपल्याकडचे जवळचे उदाहरण द्यायचे तर ते अनेक महसुली गावे मिळून झालेल्या गट ग्रामपंचायतीचे द्यावे लागेल. अर्थात मुराचे अधिकार ग्रामपंचायतीपेक्षा बरेच व्यापक आहेत. प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, पाणीपुरवठा आणि कुटुंबनोंदणी ही कामे तीच पाहते. म्हणून मी ‘ग्रामपालिका’ हा शब्द सुचवतो.

‘शी’चेही तसेच आहे. शी होण्यासाठी साधारणपणे ५०,००० लोकसंख्या लागते, पण एकदा मिळालेला दर्जा लोकसंख्या घटल्याने आपोआप जात नाही. होक्काइदोमधील उताशिनाई येथील कोळशाच्या खाणी बंद पडल्या, लोकसंख्या ३,००० च्याही खाली गेली, तरी ती शीच आहे. उलट इवाते प्रांतातील ताकिझावा ५०,००० चा टप्पा ओलांडल्यावरही वर्षानुवर्षे मुराच राहिली आणि २०१४ मध्ये मधली माचीची पायरी न चढता थेट शी झाली. गिफू प्रांतातील ताकायामा-शी २००५ च्या विलीनीकरणानंतर २,००० चौरस किलोमीटरांहून मोठी झाली असून तिचा बहुतेक भाग डोंगर आणि जंगल यांनी व्यापलेला आहे. अशा प्रदेशाला ‘शहर’ म्हणताना माझी लेखणी अडखळते. ‘नगरपालिका क्षेत्र’ म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

लेखनाविषयी एक सूचना. ‘माची’ या अक्षरचिन्हाचा दुसरा उच्चार अनेकजण ‘चो’ असा लिहितात. पण मराठी वाचक तो ‘चोर’मधील च प्रमाणे वाचणार, आणि जपानी उच्चार तर ‘च्या’मधील च सारखा तालव्य आहे. म्हणून ‘च्यो’ असे लिहावे. मुराच्या निर्वाचित प्रमुखाला ‘सोन्च्यो’ म्हणतात, परंतु त्यातला ‘च्यो’ निराळ्या अक्षरचिन्हाचा असून त्याचा अर्थ ‘प्रमुख’ असा आहे. माचीच्या प्रमुखाला ‘च्योच्यो’ म्हणतात, तेव्हा पहिला च्यो नगराचा आणि दुसरा प्रमुखाचा असतो.