परदेशी श्वासयंत्रं विकायची तर सुटे भाग आणि दुरुस्ती जिल्ह्यात ठेवा: तुमचं मत काय?

तापीकाठ_जळगाव:
ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं), सीपॅप, बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारी) ही यंत्रं चीनमध्ये बनोत, अमेरिकेत बनोत की सिंगापुरात, माझी काही हरकत नाही. पण ज्या कंपनीला ती इथे विकायची आहेत, तिने दुरुस्तीची सोय आणि सुट्या भागांचा साठा जिल्ह्यात, नाहीतर निदान विभागात, ठेवलाच पाहिजे. ही अट थेट आयात परवान्यात घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंना सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा जुनाट दम लागण्याचा आजार आहे. सगळा जन्म चुलीच्या धुरात गेला. त्यांचं मिनिटाला पाच लिटर ऑक्सिजन देणारं मशीन ऐन मे महिन्यात बिघडलं. आधी पिवळा दिवा लागला, मग बीप वाजायला लागला आणि शेवटी बंदच पडलं. विक्रेता म्हणाला, "आतला सर्किट बोर्ड गेलाय. मुंबईला असला तर आठ दिवसांत येईल, नसला तर बाहेरून मागवावा लागेल." महिना उलटला तरी बोर्ड आला नाही. तोवर त्यांचा मुलगा कामावरून सुटला की मोटारसायकलला सिलिंडर बांधून एमआयडीसीत भरायला न्यायचा. मध्यरात्री सिलिंडर संपत आला की सगळं घर काट्याकडे बघत बसायचं.

मशीन समुद्रमार्गे न्हावाशेव्याला येतं, तिथून भिवंडीच्या गोदामात, मग इथे. विकायला हा रस्ता बरोबर सापडतो, मग बोर्ड पाठवायलाच का सापडत नाही?

भुसावळ_सर्जिकलवाला:
मी हीच यंत्रं विकतो आणि भाड्याने देतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. तुमची तळमळ खरी आहे, पण ही अट लागू झाली तर पहिला फटका पेशंटलाच बसेल.

जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे धरले तरी एकेका मॉडेलची गिऱ्हाइकं मोजकीच. प्रत्येक मॉडेलचा बोर्ड वेगळा, कॉम्प्रेसर वेगळा, ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या झिओलाइटच्या दाण्यांचे सिलिंडर वेगळे. हे सगळं फळीवर भरून ठेवायचं तर पैसा अडकतो आणि दोन वर्षांत ते मॉडेलच बाजारातून जातं. छोटे आयातदार पळून जातील, दोन-तीन मोठे उरतील आणि ते सांगतील तो भाव द्यावा लागेल. आज निमशहरी घराला परवडणारं मशीन आहे ते याच छोट्या आयातदारांमुळे.

जून २०२१ मध्ये सरकारने कॉन्सन्ट्रेटरवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर बांधला. त्याआधी तो १९८ टक्क्यांपर्यंत जात होता, म्हणजे लूट होती हे मलाही मान्य. पण उरलेल्या मार्जिनमध्ये दुकानभाडं, माणूस आणि वॉरंटी, सगळं बसवायचं असतं. त्यात सुट्या भागांचं गोदाम कुठून उभं करू?

एमआयडीसी_प्लास्टिक:
दोघंही आयात गृहीत धरून बोलताय, माझा आक्षेप तिथेच आहे. जळगावच्या चटया आणि पाइप देशभर जातात. मोल्डिंग, एक्स्ट्रूजन, साचे बनवणं, हे सगळं इथे पिढ्यांपासून आहे. मग कॅन्युला म्हणजे नाकात लावायची ऑक्सिजनची नळी, मास्क, ऑक्सिजन ओलसर करणारी ह्युमिडिफायरची बाटली, फिल्टरची चौकट या वस्तू आपण बाहेरून का आणतो? सरकारने २०२० मध्ये वैद्यकीय उपकरणांसाठी ३,४२० कोटींची प्रोत्साहन योजना आणली. त्यातला वाटा खान्देशने मागायला नको का? इन्हेलर बघा. सिप्लासारख्या कंपन्या ते देशात बनवतात आणि बाहेरही पाठवतात. तिथे जमलं, तर इथेही जमेल.

श्वसनतज्ज्ञ_धुळे:
मास्क आणि कॅन्युला इथे बनवता येतील, यात शंका नाही. मात्र त्यालाही परवाना लागतो, स्वच्छ खोली लागते, अंगाला चालेल असंच प्लास्टिक लागतं. चटईच्या मशीनवर मास्क निघत नाही. कॉन्सन्ट्रेटरचा जीव असलेलं झिओलाइट तर आणखी अवघड. हवेतला ७८ टक्के नायट्रोजन तेच धरून ठेवतं, म्हणून पलीकडे नव्वदीच्या वरचा ऑक्सिजन मिळतो. मे २०२१ मध्ये देशातले ऑक्सिजन प्लांट उभे करायला ते रोमहून विमानाने बंगळूरला आणावं लागलं होतं.

देशी म्हणजे चांगलं आणि परदेशी म्हणजे भरवशाचं, ही दोन्ही गृहीतकं मला घातक वाटतात. २०२१ मध्ये पीएम केअर्समधून आलेल्या, राजकोटला बनलेल्या व्हेंटिलेटरबद्दल औरंगाबादच्या घाटी रुग्णालयातून तक्रारी झाल्या आणि तो विषय उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेला. त्याच वर्षी जूनमध्ये फिलिप्सने जगभरातून सीपॅप, बायपॅप आणि काही व्हेंटिलेटर परत मागवले. आवाज कमी करायला आत बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजत होता, त्याचे कण आणि वायू पेशंटच्या श्वासात जाण्याचा धोका होता. इतकी जुनी, नावाजलेली कंपनी! माझ्याकडच्या पेशंटांना ही बातमी विक्रेत्याकडून कळली नाही. मी मॉडेल नंबर विचारून एकेकाला सांगितली. मशीन कोणाच्या घरात आहे याची नोंदच नसेल, तर ते परत मागवणार तरी कसं?

म्हणून मी मूळ धाग्याच्या बाजूने आहे, पण सुट्या भागांच्या आधी मला दोन गोष्टी हव्यात: विकलेल्या प्रत्येक यंत्राची नोंद आणि ऑक्सिजन शुद्धतेची तपासणी. मशीन चालू आहे, आवाज येतोय, पाण्यात बुडबुडे दिसतायत, म्हणून घरचे निश्चिंत असतात. पण आतून ऑक्सिजन ७० टक्केच येत असेल तर? शुद्धता ८२ टक्क्यांखाली गेली की दिवा लागायला हवा, तरी त्या दिव्याचा अर्थ किती घरांत माहीत आहे? मोजायचं यंत्र हातात मावतं. ते प्रत्येक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात असावं.

आणि कळकळीने सांगतो, कॉन्सन्ट्रेटर कूलरसमोर ठेवू नका. उन्हाळ्यात अर्ध्या घरांत हेच दिसतं, मशीन तापतं म्हणून कूलरच्या झोतात ठेवलेलं. झिओलाइट ओलावा ओढून घेतं आणि मग नायट्रोजन धरायची त्याची ताकद जाते. बहुतेक घरगुती यंत्रांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. यंत्र बनवणाऱ्याने आपला उन्हाळा धरलेलाच नसतो. भिंतीपासून हातभर लांब, सावलीच्या खोलीत ठेवा आणि बाहेरचा फिल्टर दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा. कापसाच्या जिनिंगच्या हंगामात तर दोनदा.

साक्रीकर:
भाऊ, तुमनं म्हननं बराबर शे, पन आमनाकडे लाईटच राहत नही. सुटा भाग जिल्ह्यात ठेवला तरी वीज कुठून आणणार? पाच लिटरचं मशीन ३०० ते ३५० वॉट खातं. घरातल्या १५० एएचच्या एका बॅटरीवर ते चार तास काढणंही मुश्कील. वादळात रात्रभर लाईन गेली की सिलिंडरच कामी येतो. माझ्या मते खेड्यात सिलिंडर भरून घरपोच देण्याची सोय आधी करा. ऑक्सिजन जवळच हवा, हे कोरोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, नंदुरबारने ओळखलं. तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी बाहेरच्या टँकरची वाट न बघता रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लांट बसवले. ऑक्सिजन जिल्ह्यातच बनला, म्हणून बाहेर हाहाकार चालू असताना तिथे आधार होता.

बाहेरून आलेल्या दानाचंही सांगतो. कोरोनाच्या त्या लाटेत अमेरिकेतल्या नातेवाइकांनी एका घरी मशीन पाठवलं. ते ११० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं. घरच्यांनी ट्रान्सफॉर्मर आणून व्होल्टेज उतरवलं, पण हर्ट्झ कसे बदलणार? मोटर सावकाश फिरायची, तापायची, हवा कमी ओढायची. पाठवणाऱ्याचं मन मोठं होतं, यंत्र मात्र कोपऱ्यात पडून राहिलं.

तापीकाठ_जळगाव:
डॉक्टरसाहेब, नोंदीचा मुद्दा पूर्ण पटला. कूलरचं मी आजच चार घरांत सांगणार आहे.

भुसावळवाल्या दादांना विचारतो. तुम्ही म्हणता बोर्ड फळीवर ठेवणं परवडत नाही. ठीक, बोर्ड ठेवू नका. पण विकलेलं मशीन वॉरंटीत बंद पडलं की त्याच दिवशी बदली मशीन घरी पोचलं पाहिजे आणि त्याचा खर्च आयातदाराने सोसला पाहिजे, तुम्ही नाही. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत. आयात केलेल्या यंत्राच्या लेबलवर आयातदाराचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक असावा लागतो. म्हणजे जबाबदार माणूस कागदावर आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्या माणसाला जळगावात उभं करता येईल.

भुसावळ_सर्जिकलवाला:
बदली मशीनचं मला मान्य आहे. मी स्वतः दोन जुनी मशीन त्यासाठीच ठेवली आहेत, भाडं घेत नाही. पण आयोगाचा निकाल लागेपर्यंत पेशंटने श्वास कशावर घ्यायचा? आणि दादा, निम्मे लोक आज ऑनलाइन घेतात, स्वस्त मिळतं म्हणून. ते बंद पडलं की माझ्या दारात येतात. जे मी विकलंच नाही त्याचं बदली मशीन मी देऊ? तुमची अट घालायचीच असेल तर ऑनलाइन विकणाऱ्यालाही तीच घाला, नाहीतर दुकान मांडून बसलेला तेवढा मरेल.

श्वसनतज्ज्ञ_धुळे:
ऑनलाइनच्या मुद्द्यावर मी यांच्या बाजूने. माझ्या ओपीडीत एकजण बायपॅप घेऊन आला. प्रेशर कोणी लावलं विचारलं, तर व्हिडिओ बघून स्वतःच लावलेलं. झोपेची तपासणी नाही, रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडची नाही. हे यंत्र चिठ्ठीशिवाय विकताच कामा नये.

एमआयडीसी_प्लास्टिक:
मी अजूनही म्हणतो, बाहेरच्यावर अटी घालत बसण्यापेक्षा कॅन्युला आणि फिल्टरपासून सुरुवात करू. स्वच्छ खोलीचा खर्च एकट्याला झेपत नसेल तर तिघं-चौघं मिळून करू. ज्यांना रस आहे त्यांनी इथेच कळवा. डॉक्टर, नमुना तपासायला तुम्ही वेळ द्याल का?

श्वसनतज्ज्ञ_धुळे:
देईन. पण परवान्याआधी एकही नग पेशंटच्या नाकाला लागणार नाही, ही माझी अट.