मदत हवी आहे: कचऱ्याची नोटीस, खताचं मशीन सक्तीचं आहे का?

खाडीकाठ:
सोसायटीला नोटीस आलीय. सेक्रेटरी म्हणतात नियमच आहे, मशीन घ्यावंच लागेल, फ्लॅटमागे साडेसहा हजार. रविवारी सभा. खरंच सक्ती आहे का? लवकर सांगा प्लीज.

गावदेवी:
ठाणे की नवी मुंबई? फ्लॅट किती? नोटिशीत नियम कुठला लिहिलाय?

पारसिक:
सरळ माहितीचा अधिकार टाका. दहा रुपयांचा स्टॅम्प, 150 शब्दांत अर्ज. माझी कामं त्यानेच झालीत.

गावदेवी:
अहो, उत्तराला 30 दिवस मुदत असते. यांची सभा रविवारी आहे!

खाडीकाठ:
ऐरोली. 84 फ्लॅट. नोटीस बोर्डावर आहे, पण खालचा भाग दुमडून टाचणी मारलीय. 'मोठे कचरा निर्माते' एवढंच वाचता येतं.

निंबोणी:
दिवसाला 100 किलोच्या आत असाल तर सुटलात. आम्ही आठवडाभर डबे ताणकाट्याला लावून मोजले, 71 च्या वर गेले नाहीत.

हिशेबनीस:
ताई, अर्धंच सांगताय. घनकचऱ्याचे 2016 चे नियम गेले, 1 एप्रिल 2026 पासून नवे आहेत. दिवसाला 100 किलो कचरा, किंवा 20,000 चौरस मीटर बांधकाम, किंवा दिवसाला 40,000 लिटर पाणी. यातलं एक भरलं तरी तुम्ही मोठे. आधी पाण्याचं बिल बघा.

वाटसरू:
फांद्या छाटायच्या असतील तर आधी परवानगी घ्या, 1975 चा वृक्षकायदा आहे. आणि पाला जाळू नका.

गावदेवी:
फांद्यांचं कोणी विचारलंय?

निंबोणी:
पाण्याचं माहीत नव्हतं, आमचंही बिल बघते. पण मशीन नको हो. आम्ही विटांचे दोन खड्डे बांधलेत. पाल्याचा थर, वर आंबट ताक शिंपडायचं. वास येत नाही.

पारसिक:
उंदीर येतात त्याने.

निंबोणी:
वर जाळी टाका. तीन वर्षांत एक दिसला नाही.

हिशेबनीस:
ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करा, एवढं नियम सांगतो. खड्डा की मशीन, तुम्ही ठरवा. जागाच नसेल तर तेवढ्या कचऱ्यावर बाहेर प्रक्रिया होते असं प्रमाणपत्र घ्यायची सोय आहे. आणि घरोघरी चार डबे लागतील: ओला, सुका, सॅनिटरी, आणि चौथा बल्ब, जुनी औषधं, रंगाचे रिकामे डबे असल्या कचऱ्याचा. सभेत हे आधी सांगा, सगळे मशीनवरच भांडत बसतील.

खाडीकाठ:
बिल मिळालं. 60 दिवसांचे 2,760 घनमीटर, म्हणजे दिवसाला 46,000 लिटर. आम्ही मोठेच निघालो. टाचणी काढून खालचंही वाचलं. ओल्या कचऱ्याची काय व्यवस्था आहे ते लेखी कळवा, इतकंच आहे. मशीनचा उल्लेखसुद्धा नाही.
निंबोणीताई, खड्ड्यांची लांबी-रुंदी आणि विटांचा खर्च द्याल का? शनिवारपर्यंत हवंय.