मदत हवी आहे: कन्नड 'जंब'ला मराठीत काय म्हणायचं? अर्जंट

खानापूरकर: बढाई, फुशारकी, शेखी, टेंभा. यातला कुठला शब्द बसेल? सहाला छापायला द्यायचंय, प्रेसवाल्याचे चार फोन येऊन गेले. लवकर सांगा, निबंध नको.

कडोलकर_गल्ली: बसवायचाय कशात? वाक्य तरी दे की.

शब्दवेडा: चारही सारखे नाहीत. बढाई आणि फुशारकी मारतात, टेंभा मिरवतात, शेखी दोन्ही चालते. टेंभा म्हणजे मशाल. हातात धरून मिरवणाऱ्याला वाटतं, सगळा उजेड आपलाच. माझ्या कानाला फुशारकी केलेल्या कामाची लागते ('अख्खं पोतं एकट्यानं उचललं'), बढाई असलेल्या गोष्टीची ('आमच्या मामांची बेंगळुरात केवढी ओळख!'). मोल्सवर्थच्या शब्दकोशाची 1857 ची आवृत्ती उघडून बघा, मजा येईल.

खानापूरकर: सहाला छापायचंय हो.

मिरची_संकेश्वरी: जंब कन्नड. कन्नडात 'बडायि कोच्चिकोळ्ळुवुदु' पण म्हणतात. कोच्चु म्हणजे बारीक चिरणे. आपण बढाई मारतो, ते कांद्यासारखी चिरतात 😄

सदाशिव_पेठी: प्रमाण मराठीत आत्मश्लाघा. किंवा आत्मप्रौढी. प्रश्न संपला.

कडोलकर_गल्ली: आत्मश्लाघा वाचताना अध्यक्षांची जीभ अडकली तर तुम्ही येणार काय सोडवायला?

सदाशिव_पेठी: जीभ अडकते म्हणून भाषा सोडायची का?

निपाणीवाला: कशाला भांडताय. जंबच ठेवा, आपल्याकडं सगळ्यांना कळतंय.

सदाशिव_पेठी: मग धागा कन्नडमध्येच काढा.

निपाणीवाला: काढू की. तुम्हाला वाचायला येतंय काय?

खानापूरकर: भांडण नंतर करा. मानपत्र आहे. आमचे गुरुजी निवृत्त झाले, परवा सत्कार. अध्यक्षांनी मुद्दे कन्नडात सांगितले, मराठी मी केलंय. वाक्य असं: 'एवढं करूनही गुरुजी बढाई करत नाहीत.' पुढं: 'आम्हाला गुरुजींचा गर्व आहे.'

शब्दवेडा: हे आधी सांगायचं! 'बढाई करत' नको, बढाई मारतात. हिंदीत 'बड़ाई करना' म्हणजे दुसऱ्याची स्तुती करणं. हिंदीची सवय असलेला वाचेल, गुरुजी कुणाला चांगलं म्हणतच नाहीत. आणि गर्व तर मुळीच नको. गर्वाचं घर खाली! अध्यक्ष तिथं काय म्हणाले होते? हेम्मे?

खानापूरकर: होय, हेम्मे.

मिरची_संकेश्वरी: मग अभिमान लिही. हेम्मे वेगळं, जंब वेगळं. आणि जंबाच्या जागी ती म्हण टाक, 'तुंबिद कोड तुळुकुवुदिल्ल'. भरलेली घागर हिंदकळत नाही. आपल्यात नेमकी उलट बाजू आहे, उथळ पाण्याला खळखळाट फार.

सदाशिव_पेठी: मानपत्रात उथळ पाणी?

मिरची_संकेश्वरी: घागर टाक म्हटलं, पाणी नव्हे. नीट वाचा.

तंबाखूचं_पान: मानपत्र देऊच नका. आमच्याकडं दिलं, सरांच्या घरी कपाटामागं पडलंय, वाळवीनं निम्मं खाल्लं. भिंतीवरचं घड्याळ द्या. रोज बघतील तरी.

खानापूरकर: फ्रेम करून झालीय. आत घालायचा कागदच राहिलाय.

माई_टिळकवाडी: मी एकच विचारते, 'एवढं करूनही' म्हणजे काय केलं? ते कुठं लिहिलंच नाही तुम्ही.

खानापूरकर: ते सगळ्यांना माहीत आहे की माई.

माई_टिळकवाडी: आम्हाला नाही.

खानापूरकर: शाळेच्या वाटेत ओढा आहे. पावसात पाणी चढलं की गुरुजी धोतर खोचून मधे उभे राहायचे आणि बारक्या पोरांना एकेक करून खांद्यावरून पलीकडं सोडायचे. दप्तरं डोक्यावर. मीपण बसलोय त्या खांद्यावर, भिजलेल्या सदऱ्याचा वास अजून आठवतोय. नंतर साकव झाला. उद्घाटनाला गुरुजी मागच्या रांगेत होते, कुणी नाव घेतलं नाही, त्यांनीही काही म्हटलं नाही.

माई_टिळकवाडी: अरे मग हेच लिही की बाबा! आणि पुढं फक्त 'हे त्यांनी कधी कुठं बोलून दाखवलं नाही.' बढाई नको नि फुशारकी नको. 'नाही' लावलं तरी तो शब्द कानात बसतोच.

शब्दवेडा: माईंना शंभर गुण. 'बोलून दाखवणं' माझ्या यादीत यायलाच हवं होतं.

सदाशिव_पेठी: तरीही आत्मश्लाघा चुकीचा नव्हता.

निपाणीवाला: शेखी मिरवू नका 😂

खानापूरकर: दिलं छापायला. गर्व काढून अभिमान केला. माईंचं वाक्य जसंच्या तसं. आता प्रेसवाल्यानं 'ओढा'चा 'ओझा' करून ठेवलाय, तेवढं सुधारायला निघालोय.

तंबाखूचं_पान: शाल तरी लोकरीची घेतलीय काय? का परत तीच चमकी?