बॅटरी नसलेल्या यंत्राला पहिला लॅपटॉप म्हणावे काय?

बोरीकाठचा मास्तर (अमळनेर)

नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. येत्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमचे नववीचे विद्यार्थी लॅपटॉपच्या जन्मकथेवर फलक तयार करीत आहेत आणि पहिल्याच फलकावर आमची गाडी अडली आहे. मी १९८१चा ऑस्बोर्न-१ सुचवला होता. एका विद्यार्थ्याने १९८२चा ग्रिड कंपास पुढे केला, कारण तो आजच्या लॅपटॉपसारखा मिटतो. त्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले की, या दोन्ही यंत्रांत बॅटरीच नव्हती, म्हणजे भारनियमन सुरू होताच ती बंद पडणार. मग त्यांना ‘सोबत नेता येणारी’ कशाच्या आधारावर म्हणायचे? तिच्या शेतातल्या पंपाला आठवड्यातून काही दिवस रात्रीचीच वीज मिळते, त्यामुळे हा प्रश्न तिला पुस्तक वाचून पडलेला नाही. मला समाधानकारक उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

केळीबाग (रावेर)

सर, आपल्या विद्यार्थिनीची शंका रास्त आहे. त्या काळी ‘पोर्टेबल’ याचा अर्थ ‘मूठ असलेला’ एवढाच होता. आयबीएमने १९७५ साली ५१०० हे यंत्र पोर्टेबल म्हणून विकायला काढले, तेव्हा त्याचे वजन सुमारे २५ किलो होते, म्हणजे आमच्याकडच्या केळीच्या एका भरलेल्या घडाएवढे. ऑस्बोर्न-१ त्याच्या निम्म्याहून कमी, साधारण ११ किलोंचा. शिवणयंत्राच्या पेटीसारखे त्याचे झाकण उघडले की तेच कीबोर्ड होत असे. आत दोन फ्लॉपी ड्राइव्ह (माहिती साठवणाऱ्या लवचीक चकत्यांचे कप्पे) आणि मधोमध पाच इंची पडदा. त्या पडद्यावर एका ओळीत ५२ अक्षरेच मावत, त्यामुळे टंकलिखित पत्राची पूर्ण ओळ वाचायची तर पडदा आडवा सरकवावा लागे. तरीही तो भराभर खपला, याचे कारण १,७९५ डॉलर्सच्या किमतीतच वर्डस्टार (लेखनासाठी) आणि सुपरकॅल्क (हिशेबाच्या तक्त्यांसाठी) ही सॉफ्टवेअर मिळत होती.

जाता जाता एक सांगण्यासारखे आहे. या यंत्राचा जनक ॲडम ऑस्बोर्न याचे बालपण तमिळनाडूत गेले. त्याचे वडील रमण महर्षींचे भक्त होते. २००३ साली त्याचा मृत्यूही कोडाइकनाल येथे झाला. त्याची कंपनी मात्र सप्टेंबर १९८३ मध्येच दिवाळखोरीत निघाली. पुढच्या मॉडेलची घोषणा वेळेआधी केल्यामुळे आधीच्या मॉडेलची विक्री थांबली, असे कारण सर्वत्र सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. तेवढ्याच किमतीत नऊ इंची पडदा देणारा केप्रो बाजारात आला होता आणि गिऱ्हाईक आयबीएमच्या पीसीशी जुळणारी यंत्रे मागू लागले होते, हे घाव अधिक खोल होते.

जंक्शनवाला (भुसावळ)

मी तीस वर्षे संगणक दुरुस्तीचे काम केले, म्हणून या प्रश्नाकडे यंत्र उघडून पाहणाऱ्याच्या नजरेने पाहतो. प्रश्नाचे मूळ पडद्यात आहे. ऑस्बोर्नमध्ये टीव्हीसारखी काचेची पिक्चर ट्यूब होती. अशा ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब लागतो, काच जाड असावी लागते आणि वीज इतकी लागते की त्या काळच्या बॅटरीवर ती फार वेळ चालणे अशक्यच होते. (यंत्र बंद केल्यावरही ट्यूबमध्ये दाब साठून राहतो, उमेदवारीच्या काळात त्याचा झटका मी कोपरापर्यंत खाल्ला आहे.) ग्रिड कंपासने ट्यूब काढून सपाट, पिवळसर उजेडाचा पडदा बसवला, म्हणूनच तो मिटू शकला. वजन पाच किलोंच्या आत आले, पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची झाली आणि नासाने तो अंतराळयानातही नेला. परंतु किंमत ८,१५० डॉलर्स होती आणि त्या पडद्याची विजेची भूकही मोठीच होती.

बॅटरीवर चालायचे तर पडदा एलसीडीचाच हवा, कारण द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. बाहेरचा उजेड अडवणे किंवा सोडणे एवढेच त्यांचे काम असल्याने वीज नाममात्र लागते. अडचण अशी होती की, त्या काळच्या एलसीडीत ओळी वाढवल्या की प्रत्येक ओळीच्या वाट्याला येणारा विद्युतसंकेत तोकडा पडे आणि अक्षरे फिकट होत. १९८२च्या सुमारास बाजारात आलेल्या एप्सन एचएक्स-२० वर चार ओळी, १९८३च्या टीआरएस-८० मॉडेल १०० वर आठ, १९८४च्या टँडी २०० वर सोळा. त्याच वर्षी डेटा जनरल/वन या यंत्राने पूर्ण पंचवीस ओळी दाखवल्या खऱ्या, परंतु त्या वाचण्यासाठी दिव्याकडे तोंड करून बसावे लागे, अशी तक्रार होती. ओळींची ही चढण सोडून नुसती सनावळी फलकावर लावली, तर मुलांच्या हाती काहीच लागणार नाही.

पांझरेचा वाचक (धुळे)

भुसावळकरांचे म्हणणे मान्य आहे, तरी एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. ॲलन के याने झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात असताना १९७२ साली ‘डायनाबुक’ या पातळ, पाटीसारख्या संगणकाची कल्पना मांडली होती, तीही मुलांसाठी. ते यंत्र प्रत्यक्षात कधीच तयार झाले नाही, तथापि शाळेच्या फलकावर त्याला स्थान नसावे हे मला पटत नाही.

बॅटरीचाच निकष लावायचा असेल, तर एप्सनला मान द्यावा. सुमारे दीड किलो वजन, आतच छोटा प्रिंटर आणि माहिती साठवायला मायक्रोकॅसेट (लहान फीत), आणि एकदा चार्ज केल्यावर कित्येक तासांचे काम. प्रत्यक्षात लोकांच्या हाती रुळला तो मात्र मॉडेल १००. बाजारात मिळणारे चार साधे पेन्सिल सेल टाकले की सुमारे वीस तास चाले, त्यामुळे अमेरिकेतील वार्ताहर त्यावर बातमी लिहून टेलिफोनच्या तारेवरून थेट कचेरीत पाठवत. ज्यांना आज आपण लॅपटॉप म्हणतो, त्यांचा खरा पूर्वज १९८५चा तोशिबा टी-११०० होय: चार किलोंच्या आसपास वजन, साडेतीन इंची फ्लॉपी, बॅटरी, आणि आयबीएम पीसीची सॉफ्टवेअर चालवण्याची सोय.

जंक्शनवाला (भुसावळ)

एक पुरवणी जोडतो. १९८६च्या तोशिबा टी-३१००मध्ये हार्ड डिस्क आली, पडदा नारंगी प्लाझ्माचा आणि अतिशय सुवाच्य झाला, आणि बॅटरी पुन्हा गायब झाली. चांगला पडदा हवा की बॅटरी, ही ओढाताण त्यानंतरही चालू राहिली.

बोरीकाठचा मास्तर (अमळनेर)

सर्वांचा आभारी आहे. वर्गात चर्चा करून असे ठरवले की, ‘पहिला’ हा शब्द फलकांवरून काढून टाकायचा आणि प्रत्येक यंत्राखाली तीनच गोष्टी लिहायच्या: वजन, पडद्यावरील ओळी आणि वीज गेल्यावर काय होते. तिसरा रकाना त्याच मुलीने सुचवला. आयबीएम ५१००च्या चित्राशेजारी केळीचा खरा घड काट्याला टांगण्याचा मुलांचा विचार आहे. रावेरकरांनी घड निवडायला मदत केल्यास उपकार होतील.

केळीबाग (रावेर)

घड माझ्याकडून घेऊन जा, सर. प्रदर्शन तीन दिवसांचे असेल, तर अगदी हिरवा कापून देतो. पिकू लागला तर समारोपापर्यंत वजन भरायचे नाही, आणि त्याला कारण केवळ उष्णता नसेल.