हात सारखा दुखावतोय: विश्रांती की वजन?

डहाणूकरचा_डंबेल
उजवा हात, कोपराच्या जरा वर, पुढच्या बाजूला. वर्षभरात तिसऱ्यांदा. कळ आली की तीन आठवडे जिम बंद करतो, हात मोकळा वाटला की परत जाऊन थेट १५ किलोचे डंबेल उचलतो, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. माझं ठाम मत झालंय की ही विश्रांतीच घात करते. दुखणं जातं, पण हातातला जोरही जातो. दोन-तीन दिवसांतच हलकं वजन सुरू करावं. पटतंय का?

पेठेतला_पैलवान
अजिबात नाही. कळ उगाच येत नसते. आमच्या तालमीत हात दुखावला की वस्ताद जोर बंद करायचे, नुसत्या बैठका आणि तेलाची मालिश. तीन कसले, सहा आठवडे थांबा. घाई नडतेय तुम्हाला.

फिजिओ_ताई
बैठकांचं पटलं. पण ताज्या दुखापतीवर मालिश नको, आणि सहा आठवडे हात बांधून बसणं तर नकोच. विश्रांती, बर्फ, दाब, हात उंच ठेवणं हे सूत्र १९७८ मध्ये डॉ. गेब मर्किन यांनी मांडलं आणि २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. शिवाय कोपराजवळचं दुखणं बऱ्याचदा स्नायूचं नसून टेंडनचं, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचं असतं. तिथे रक्तपुरवठा कमी, म्हणून महिने लागतात. कळ थांबली म्हणजे टेंडन १५ किलोला तयार झालं असं नाही. कोपर काटकोनात ठेवून हलकं वजन ३०-४५ सेकंद नुसतं धरा, चार-पाच वेळा. ते जमलं की वजन चार सेकंद मोजत खाली सोडा. दुखणं दहापैकी तीनच्या वर गेलं की थांबा.

पेठेतला_पैलवान
दहापैकी तीन मोजायचा तराजू तुळशीबागेत मिळतो का ताई? जिममध्ये आरशासमोर उभं राहिलं की पाचाचे दोन होतात.

फिजिओ_ताई
हे मात्र खरंय. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी बघायचं. कालच्यापेक्षा जास्त दुखतंय? मग वजन जास्त झालं.

दीड_शहाणा_डेक्कन
विश्रांती-वजन राहू द्या बाजूला. तिन्ही वेळचे महिने सांगा आधी.

डहाणूकरचा_डंबेल
गेला ऑगस्ट, जानेवारी आणि आता परत ऑगस्ट. जानेवारीत डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार उचलताना झालं. एक पंजा उलटा, एक सुलटा धरतो. उजवा वर तोंड करून.

दीड_शहाणा_डेक्कन
वर तोंड केलेल्या हाताच्या बायसेप्सवरच, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूवरच ताण येतो, जानेवारीचं कोडं सुटलं. आणि ऑगस्ट? ढोल पथकात आहात ना?

डहाणूकरचा_डंबेल
हो. टिपरू उजव्याच हातात. पण सराव काय, रोज दोनच तास.

दीड_शहाणा_डेक्कन
म्हणजे जिम बंद आणि नदीपात्रात रोज दोन तास धडाधडा! विश्रांती तुम्ही घेतलीच कधी, तिला दोष द्यायला?

फिजिओ_ताई
डंबेलदादा, कट् असा आवाज आला, दंडावर काळंनिळं पडलं किंवा गोळा वर सरकलेला दिसला, तर धागा सोडा आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा. टेंडन तुटलं असेल तर टाके पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घालणं सोपं जातं.

डहाणूकरचा_डंबेल
तसं काही नाही. पण गणपतीत ढोल सोडणं शक्य नाही. यंदा ध्वज घेऊ का?

पेठेतला_पैलवान
ध्वज काय मोरपिसाचा असतो होय?