छोट्या गावात फिजिशियन असिस्टंट कसा शोधायचा? (नेब्रास्का)

थायरॉइडवाली
नवऱ्याच्या नोकरीमुळे शहर सोडून नेब्रास्कातल्या अगदी लहान गावात आलोय. माझी थायरॉइडची गोळी (लिव्होथायरॉक्सिन) संपत आलीय. इन्शुरन्सच्या साइटवर फॅमिली डॉक्टर शोधले तर जवळपास दोनच नावं. एक रिटायर झालेत, दुसरे नवे पेशंट घेत नाहीत. फार्मसीतली बाई म्हणाली, इथे सगळे पीएकडेच (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टर नसले तरी पेशंट तपासून औषध लिहून देणारे) जातात. पण यादीत पीए कुठे दिसतच नाहीत! शोधायचे कसे? आणि खरं सांगायचं तर डॉक्टर नाही म्हटल्यावर मन कचरतं. रिपोर्ट बघून डोस बदलता येतो का त्यांना?

कॅन्ससकर
येतो की. थायरॉइड, बीपी, शुगर हे त्यांचं रोजचंच काम. पन्नासही राज्यांत पीए औषधं लिहून देतात. कडक पेनकिलर वगैरेंचे नियम राज्यागणिक बदलतात, तुमच्या गोळीचा त्यांच्याशी संबंध नाही.

त्या यादीच्या नादी लागू नका. पीएचं नाव बरेचदा क्लिनिकच्या नावाखाली दडलेलं असतं. आधी 'रुरल हेल्थ क्लिनिक' असा दर्जा असलेली जागा शोधा. 1977च्या केंद्रीय कायद्यातून आलेला हा दर्जा. अशा क्लिनिकच्या कामाच्या वेळेतला निदान निम्मा वेळ पीए, नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषध देणारी, जादा शिकलेली नर्स) किंवा सर्टिफाइड नर्स-मिडवाइफ (बाळंतपण बघणारी नर्स) हजर असावी लागते.

फोनवर "डॉक्टर आहेत का" विचारलंत की रिसेप्शनिस्ट डॉक्टरांचंच कॅलेंडर उघडते. "नव्या पेशंटला सगळ्यात लवकर कोण बघेल?" असं विचारा. रक्त तिथेच तपासतात की बाहेरच्या लॅबला पाठवतात, हेही विचारा, कारण बाहेरच्या लॅबचं बिल वेगळं येतं आणि तेच जास्त झोंबतं.

नावापुढे 'पीए-सी' असेल तर सर्टिफाइड. पीएंना सर्टिफिकेट देणाऱ्या एनसीसीपीए या संस्थेच्या साइटवर फुकटात पडताळता येतं, लायसन्स राज्याच्या साइटवर. हे सर्टिफिकेट टिकवायला दर दोन वर्षांनी 100 तासांचं शिक्षण दाखवावं लागतं.

माझी पीए टीएसएचचा (थायरॉइडच्या रक्ततपासणीचा) आकडा बघायच्या आधी विचारते, गोळी कॉफीबरोबर घेतली का, कॅल्शियम किती वाजता घेता. शहरात मला हे कुणी विचारलं नव्हतं, घाईच असायची तिथे.

गोळीमास्तर
फार्मसीत काम करतो म्हणून एकच सांगतो. अपॉइंटमेंटची वाट बघत गोळ्या संपू देऊ नका. जुन्या प्रिस्क्रिप्शनवर रिफिल शिल्लक असेल तर नव्या फार्मसीला ती मागवून घ्यायला सांगा.

थायरॉइडवाली
फोन केला. आधी थेट पुढच्या महिन्यातली तारीख देत होते, आता गुरुवारी सकाळी पीए बघणार! रिफिलही मिळाली. पुढे एन्डोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचा स्पेशालिस्ट) लागलाच तर रेफरल, म्हणजे त्याच्याकडे पाठवायची चिठ्ठी, पीएच देतील ना?

कॅन्ससकर
देतील. पण तुमचा प्लॅन पीसीपीचं (तुमच्या नेहमीच्या मुख्य डॉक्टरचं) नाव नोंदवायला लावणारा असेल तर आधी इन्शुरन्सला फोन करून जुन्या डॉक्टरांचं नाव काढा आणि पीएचं चालतं का ते विचारा. काही प्लॅनना तिथे क्लिनिकमधल्या डॉक्टरांचंच नाव लागतं. हे राहिलं की रेफरल हमखास अडकतो.